एक लेख यायचा राहिला होता

भाचीचं ते पत्र मला पाठ आहे. दीड पानाचंच होतं, आणि मी ते किती वेळा वाचलं हे सांगायची लाज वाटते. उत्तर मात्र एकदाही दिलं नाही.

"मामा," तिनं लिहिलं होतं, "फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता, म्हणून लिहितेय. भिंगरीचा दमा पुन्हा वाढलाय. शेजारच्या बाई एका कायरोप्रॅक्टरचं नाव सांगतात. मी भेटून आले. तो म्हणतो, मणके जागेवर नसले की श्वास अडतो. दमा, कानदुखी, अंथरूण ओलं करणं, तान्ह्यांचं रडणं, सगळं पाठ दाबून बरं होतं म्हणे. माणूस प्रेमळ वाटला. ह्यांना पटत नाही. मला वाटतं, करून पाहायला काय जातं? याला खरंच काही पुरावा आहे का? तुम्ही जे सांगाल ते मी करीन."

भिंगरी तिची लेक. पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी घाबरलो. मला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

चौतीस वर्षं मी एका मोठ्या इस्पितळाच्या ग्रंथालयात काढली. ग्रंथालय तळमजल्याच्याही खाली, म्हणून डॉक्टर मंडळींनी मलाच 'तळघर' नाव ठेवलं होतं. अडलं की "तळघराला विचारा" म्हणत आणि चिठ्ठी खाली पाठवत. मी त्या प्रश्नावरचे सगळे लेख शोधायचे, प्रत्येकाचं एक कार्ड करायचं: रोगी किती, तुलना कशाशी, फरक पडला की नाही. कार्डांचा गठ्ठा वर जायचा. मत त्यांचं, कार्डं माझी. अर्धवट शोध वर पाठवायचा नाही, हे माझ्या पहिल्या साहेबांनी मला शिकवलं होतं आणि मी ते देवाच्या आज्ञेसारखं पाळलं. निवृत्तीनंतरही आठवड्यातून तीन दिवस मी तिथं जाऊन बसत असे.

भिंगरीसाठीचा शोध आठ दिवसांत जवळजवळ संपला. कार्डं फारशी झालीच नाहीत. दम्याच्या चांगल्या चाचण्या मोजक्याच होत्या. त्यांत मुलांचे दोन गट केले होते. एका गटाचे मणके खरोखर दाबले, दुसऱ्याच्या पाठीवर नुसते दाबल्यासारखे हात फिरवले. दोन्हीकडच्या मुलांना थोडं बरं वाटलं. श्वास यंत्रावर मोजला तेव्हा मात्र दोन्हीकडं सारखाच. तान्ह्यांच्या रडण्यावरचे अभ्यास छोटे होते, आणि रडणं किती कमी झालं ते सांगणाऱ्या बऱ्याच आयांना आपल्या बाळावर उपचार झालेत हे ठाऊक होतं. कानदुखी आणि अंथरुणाच्या बाबतीत तर इतकी थोडी मुलं, की काही म्हणताच येऊ नये. एका कार्डावर मी खाली लिहिलंसुद्धा होतं: 'दमा आपोआप चढतो, उतरतो. उतरला की जो उपचार चालू असेल त्याला श्रेय मिळतं.'

हेच चार ओळींत लिहायचं होतं. आणि एक पाचवी ओळ: पाठ दाबायची तर दाब, पण रोजचा औषधाचा पंप बंद करू नकोस.

पण एक लेख यायचा राहिला होता. परदेशी भाषेतला, एकाच दूरच्या ग्रंथालयात असलेला. यादीत त्याचं नुसतं नाव होतं, 'मणक्यांचे उपचार आणि श्वसन'. समजा त्यातच काही वेगळं निघालं तर? मी मागणीपत्र पाठवलं आणि वाट पाहत बसलो. अकरा आठवडे.

मधे ताईचा, म्हणजे भाचीच्या आईचा, फोन आला.

"भिंगरी झकास आहे रे! त्या पाठवाल्यानं जादू केली. पंपसुद्धा लागत नाही आता."

"पंप बंद केला?"

"लागतच नाही तर कशाला द्यायचा? तू का असा दचकलास?"

"नाही, म्हणजे... मी बघतोय अजून. एक लेख यायचाय."

"तुझं म्हणजे कमाल आहे बाबा! चहात साखर किती विचारलं तरी तू आधी कार्डांचं कपाट उघडशील."

मी हसलो. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मला वाटलं, ठीक आहे ना पोर, मग पूर्ण उत्तरच देऊ.

त्यानंतर सोळाव्या दिवशी, भर दुपारी, शाळेच्या मैदानात भिंगरीला दम लागला. पंप घरी कपाटात होता. इस्पितळ गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. आठ वर्षांची होती. एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून भिंगरी.

लेख त्याच आठवड्यात आला. मोठ्या माणसांच्या कंबरदुखीवरचा होता. श्वसनाचा उल्लेख एवढाच, की उपचाराच्या वेळी रोग्यांनी दीर्घ श्वास घ्यावा.

मी भाचीकडं गेलो तेव्हा खोलीत आम्ही चौघंच होतो. ताई तिला धरून बसली होती. जावई खिडकीशी उभा होता.

"मी नको म्हणत होतो," तो म्हणाला.

"मी मामांना विचारलं होतं," भाची म्हणाली. "पत्र लिहिलं होतं."

"मग काय सांगितलं मामांनी?"

"काही नाही. म्हणून तर मला वाटलं, वाईट असतं तर मामा गप्प बसले नसते."

तो माझ्याकडं वळला. "आलं होतं तुम्हाला पत्र?"

पत्र माझ्या खिशात होतं. मी म्हणालो, "हल्ली टपाल... गहाळ होतं बऱ्याचदा."

"गहाळ वगैरे काही नाही, तिनं लिहिलंच नव्हतं," तो म्हणाला.

भाचीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

काल ताई आली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तो बोलत नाही तिच्याशी. सगळ्यांना सांगतो, स्वतःच्या डोक्यानं केलं आणि आता पत्राची गोष्ट रचते. आणि ही वेडी मला विचारते, 'आई, मी लिहिलं होतं ना गं? मला आठवतंय ते खरं ना?'" ताईनं पदरानं तोंड पुसलं. "तिच्या डोक्यावर परिणाम होईल रे. तू तरी सांग, आलं होतं का?"

"आलं होतं."

ताई उठली. मग म्हणाली, "मला नको सांगूस. त्यांना सांग," आणि चपला घालून निघाली.

फोन मी उचलून खाली ठेवला. मला बोलता येत नाही, आणि हे तर नाहीच आलं असतं. लिहायला बसलो. पहिल्या खेपेला तीन पानं झाली, त्यात अर्धी माझ्या पद्धतीची सफाई होती. ती फाडली. शेवटी एवढंच उरलं:

'तुझं पत्र मला वेळेवर मिळालं. सोबत परत पाठवत आहे, तारीख पाहावी. तू विचारलंस आणि मी सांगेन तसंच करणार होतीस. आठ दिवसांत मला उत्तर माहीत झालं होतं: मुलांचा दमा या उपचारानं बरा होतो असा पुरावा नाही, पंप चालू ठेवावा. पंप बंद झाल्याचंही मला कळलं होतं. तरी मी कळवलं नाही. त्या दिवशी तुमच्यासमोर मी खोटं बोललो. यापुढं तुम्ही माझं तोंड पाहिलं नाहीत तरी मी समजेन.'

पाकिटावर दोघांची नावं लिहिली. जावयाचं आधी, म्हणजे तोच उघडेल.

"साधं की रजिस्टर?" टपाल कचेरीतल्या बाईंनी विचारलं.

"रजिस्टर."

"अर्जंट आहे का?"

 मागं रांग होती. "हो" म्हणालो. बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.