ओठांवरून कळणारा माधव

माधव तुरुंगातून सुटून घरी येणार म्हणून आक्काबाईंनी त्या संध्याकाळी भाकरी लवकर उरकल्या आणि टीव्हीसमोर खुर्ची ओढली. मालिकेतल्या आईनं दारात ओवाळायचं ताट धरलं. आत आला तो कुणी भलताच. अंगात माधवचा शर्ट, पायात माधवच्या चपला, पण चेहरा वेगळा आणि वरच्या ओठावर झुपकेदार मिशी. आई त्याच्याच गळ्यात पडून रडायला लागली.

“हा कोन?” आक्काबाईंनी विचारलं.

सून स्नेहल शेजारीच बसली होती. मोबाइलमध्ये मान घालून ती काहीतरी पुटपुटली. आक्काबाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं तोंड वर केलं. डोळे पाणावले होते.

“संघर्षला काढलं, आई. आता हाच माधव.”

आक्काबाईंनी थोडा वेळ त्या नव्या माणसाकडं निरखून पाहिलं. मिशीखाली काहीतरी हलत होतं, एवढंच दिसत होतं. त्या उठून गॅलरीत जाऊन बसल्या.

आक्काबाईंचं तरुणपण मालेगावात गेलं. यंत्रमागाच्या शेडमध्ये त्या सुताच्या कांड्या भरायच्या. तिथला खडखडाट असा, की कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द पोचायचा नाही. मग बाया एकमेकींच्या ओठांवरून बोलणं उचलायच्या. कुणाची सासू काय म्हणाली, कुणाला दिवस गेलेत, सगळ्या गप्पा बिनआवाजी. पुढं त्याच खडखडाटानं त्यांचे कान नेले. ओठ वाचायची सवय तेवढी राहिली. प्रफुल्लनं इंदिरानगरात फ्लॅट घेतल्यावर आईला नाशिकला आणलं, कानाचं मशीनही घेऊन दिलं. पण त्यात शिट्टी वाजायची, आणि कुकर आणि माणूस एकाच मापानं ओरडायचे. ते मशीन कपाटात गेलं.

टीव्हीवरची बहुतेक माणसं त्यांना कळायची नाहीत. कुणी घाईत बोलायचं, कुणी तोंड फिरवून. माधवचं काम करणारा संघर्ष गांगुर्डे मात्र शब्द न् शब्द कळायचा. मालिकेत तो थोरला भाऊ होता, गरीब स्वभावाचा. प्रत्येक शब्द जपून, पुरता उच्चारून बोलायचा. त्याचं बोलणं पाहिलं की आक्काबाईंना शेडमधल्या मैत्रिणींत बसल्यासारखं वाटायचं. शिवाय पोरगा नाशिकचाच, एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेला.

स्नेहलच्या मालिकावेड्या मैत्रिणींच्या ग्रुपवर रात्रीतून हलकल्लोळ माजला. चॅनेलच्या पानावर निषेध लिहून झाला, मालिका बघायची नाही अशा शपथा झाल्या. मग रविवारी सकाळी जॉगिंग ट्रॅकपाशी जमायचं ठरलं. आक्काबाई म्हणाल्या, मी पन येते.

तिथं चांगलीच गर्दी होती. एकलहऱ्याहून टेम्पो भरून माणसं आली होती. त्यातल्या एका आजोबांनी संघर्षचा शाळेतला फोटो मोठा करून आणला होता. पुठ्ठ्यांवर ‘आमचा माधव परत द्या’ असं लिहिलेलं होतं. स्नेहलची मैत्रीण राखी हिनं मात्र नव्या नटाचं चित्र काढून त्याच्या मिशीवर झाडू चिकटवला होता. बायका हसून बेजार झाल्या होत्या.

आक्काबाईंनी तो पुठ्ठा बघितला. “हे ठेव खाली,” त्या राखीला म्हणाल्या. “त्याला बलावलं म्हनून तो आला. त्याची बी आई बघत असंल ना.”

राखीनं निमूटपणे पुठ्ठा उलटा करून बाकाखाली सरकवला.

एका स्थानिक वाहिनीची मुलगी माइक घेऊन फिरत होती. तिनं आक्काबाईंना काहीतरी विचारलं. स्नेहल पटकन सासूच्या समोर येऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, “विचारतायत, तुम्हाला तोच माधव का हवा?”

“मला ऐकू येत नाय,” आक्काबाई माइककडं न बघता स्नेहलकडं बघत म्हणाल्या. “तो बोलतो ते मला दिसतं. बाकीचे तोंडातल्या तोंडात बोलत्यात. घरातलं पन मला समदं कळत नाय. लेक मिशीतून बोलतो, सून सैपाकघरातून बोलते. मानसं चांगली हायेत, पन पाठमोरी. दिवसभरात माझ्याशी समोर बसून बोलनारा तेवढा एकच होता.”

स्नेहलचा चेहरा उतरला. आक्काबाईंच्या ते लक्षात आलं, पण बोलून गेल्या होत्या. घरी जाताना रिक्षात त्यांनी सुनेचा हात धरून ठेवला. स्नेहलनंही तो सोडवला नाही.

तो व्हिडिओ त्या संध्याकाळपासून सगळीकडं फिरला. प्रफुल्लनं तो सोमवारी बँकेत जेवणाच्या सुट्टीत पाहिला. त्याच्या सहकाऱ्यानंच दाखवला, ही तुझी आई ना, म्हणून. संध्याकाळी दार उघडून तो आत आला तर स्नेहल आधी दचकली आणि मग तोंडाला पदर लावून हसत सुटली. कॉलेजपासून राखलेली मिशी गायब होती. मिशीविना तो शाळकरी दिसत होता.

त्यानं स्टूल ओढलं आणि आईच्या समोर बसला.

“आई, आज काय केलंस दिवसभर?”

आक्काबाईंनी आधी त्याच्या वरच्या ओठावरून बोट फिरवलं. मग सांगायला लागल्या. तोही सांगत बसला, साहेबाची बदली, नव्या मॅनेजरचा तिरसटपणा, शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं घोरणं. आक्काबाई मधूनमधून हसत होत्या. आमटी दोनदा गरम करावी लागली.

आठवड्याभरानं चॅनेलनं कळवून टाकलं, की निर्णय बदलणार नाही, कथेला वेग हवा आहे. ग्रुपवर पुन्हा रडारड झाली. त्यातच एका दुपारी स्नेहलला फोन आला. एकलहऱ्याला आई-वडिलांकडं आलोय, आजींना भेटायला येऊ का, असं संघर्ष स्वतः विचारत होता.

तो आला तेव्हा जिन्यात बायकांची दाटी झाली होती. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा तो बारीक होता. “जय भीम, आजी,” म्हणून पाया पडला आणि खिडकीच्या कडेला बसला.

“जय भीम. तिथं नको बसू, बाबा,” आक्काबाई म्हणाल्या. “मागून उजेड येतोय, तुझं तोंड काळं दिसतंय. इकडं ये.”

तो हसत उठून त्यांच्या समोर आला.

“तुला का काढलं रे?”

“मी सावकाश बोलतो म्हणून. त्यांना भराभर बोलणारा हवा होता. मी लहानपणी अडखळायचो, आजी. वर्गात उभा राहिलो की पोरं हसायची. वडील रोज अंगणात समोर बसवून पेपर मोठ्यानं वाचून घ्यायचे, एकेक शब्द सोडवत. ती सवय गेली नाही. दिग्दर्शक ओरडले, मी घाई केली, की जीभ अडकायची. मला वाटलं, हाच माझ्यातला दोष. तुमचा व्हिडिओ बघून मी वडिलांना फोन केला.”

आक्काबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “आमच्या शेडमधी आला असतास तर पहिल्याच दिवशी समद्या बायांनी तुला जवळ बसवून घेतलं असतं,” त्या म्हणाल्या. “घाई करू नको. दुसरीकडं बघ काम.”

मग राखी आत घुसली, तिच्यामागं बाकीच्या, आणि फोटोंचा धडाका सुरू झाला. संघर्षनं बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागून घेतला. प्रत्येकीशी बोलला, तसाच सावकाश.

त्याला मालिका परत मिळाली नाही. थोड्या महिन्यांनी एका नाटकात मास्तरची भूमिका मिळाली आणि प्रयोग नाशिकला लागला तेव्हा घरातल्या तिघांना त्यानं पहिल्या रांगेत बसवलं. आक्काबाईंना सगळं नाटक कळलं. त्याच्यासोबतच्या नटीचं बोलणं तेवढं नाही.

संध्याकाळची मालिका मात्र त्यांनी सोडली नाही. बायकांनी शपथ मोडल्याबद्दल चिडवलं, तर म्हणाल्या, “तो मिशीवाला पन मेहनत करतोय. आता ‘आई’ म्हनतो ते कळतं मला. ‘जेवायला वाढ’ म्हनतो ते बी कळतं. बाकीचं शिकते हळूहळू.”