राखणदाराचा कोंबडा

"सगळ्यो झाल्यो मां, वयनी? औषध एकदा पाण्यात कालवला की दोन तास. मगे फुकट."

दाजी थर्मासचं झाकण लावत होते. ते मालवणच्या गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर; मासळीच्या बर्फात औषध ठेवून सायकलने तारकर्लीला आले होते.

"सगळ्यो झाल्यो," आई म्हणाली.

अकरा कोंबड्यांना सुई टोचून झाली होती. बारावा कोंबडा स्वयंपाकघरात टोपलीखाली होता. मी काही बोलले नाही. आईला जाऊन आज तेरा दिवस झाले. ते न बोलणं अजून आठवतं.

एकसष्ट साल. मी सोळा वर्षांची. कोंबड्यांच्या मानमोडीच्या साथीने शेजारच्या गावातली खुराडी ओस पडली होती. बाबांची होडी बुडाल्यापासून आमचं घर आईच्या अंड्यांवर चालत होतं. कोंबडा मात्र वाडीच्या वेशीवरच्या राखणदार देवाचा. मला विषमज्वर झाला तेव्हा आईने नवस बोलला होता: लेक बरी झाली की कोंबडा देईन. देवाच्या कोंबड्याला सुईचं भोकही चालत नाही, असं आमच्या वाडीत मानत.

तिसऱ्या सकाळी कोंबडा हिरवं हगला. चोच उघडून श्वास घेऊ लागला. दुपारी त्याची मान पाठीकडे वळली.

शेजारची सुभद्राकाकी धावत आली. "बघतंस काय गो? जीव आसा तोवर राखणदाराकडे ने. कापून मोकळी हो. नवस फिटलो."

"आजारी कोंबो देवाक?"

"देव काय डागतर आसा?"

आईने कोंबडा फडक्यात गुंडाळला. तेवढ्यात कोंबड्या तपासायला दाजी आले आणि दारातच थबकले.

"ह्यो खंयचो?"

आईने फडकं छातीशी धरलं.

"म्हणजे माझ्याकडे खोटा बोललंस."

"राखणदाराकडे नेतंय. माझ्या चेडवाचो नवस आसा."

"आणि मगे मटण वाडीत वाटतलंस?"

"वाटूकच व्हया. प्रसाद तो."

"पिसां, रगत, आतडी घराघरांत जातली, वयनी. सुई टोचलेल्या कोंबयांकसुद्धा आठ दिवस जोर येवचो नाय. अख्ख्या वाडीत एक कोंबी उरूची नाय."

"आणि माझ्या चेडवाक काय झाला तर?"



आईने माझ्याकडे पाहिलं आणि कुंपणापलीकडच्या काकीच्या खुराड्याकडेही. मग आत जाऊन तिने भिंतींसाठी आणलेला चुना बाहेर काढला.

"खड्डो खंय मारूचो?"

दाजींनी माडाखाली खड्डा खणला. मान आईनेच पिरगळली. रक्ताचा थेंब सांडू दिला नाही. वर चुना टाकला, माती लोटली. पुढे अकरांतल्या नऊ जगल्या, आणि मी तर अजून आहे. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक होतं?

हात धुऊन आई अंगणात राखणदाराच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. आमच्याकडे देवापुढे मागणं मांडायचं गाऱ्हाणं घालतात ते पुरुष.

"बा राखणदारा, तुझो कोंबो तुका दिलंय नाय. चूक माझी. चेडवाक हात लावू नको. काय घेवचा ता माझ्याकडसून घे, म्हाराजा."

गाऱ्हाण्याला भोवतीच्यांनी होकार द्यायचा असतो. सुभद्राकाकीने तोंड फिरवलं. मी दाजींकडे पाहिलं. आई हात जोडून वाट पाहत होती.

दाजींनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली.

"व्हय, म्हाराजा," ते हळूच म्हणाले.