थापाड्या कप्तानाची डॉर्कस

मी डॉर्कस बोलतेय. इंग्लंडमधल्या हल बंदरातली, वाफेवर चालणारी मासेमारीची बोट. चौकसपणा मला जन्मापासूनच चिकटला. माझे पत्रे ठोकणाऱ्यांच्या गप्पाही मी कान देऊन ऐकायची. कुणाच्या सासूचे गुडघे कशानं बरे झाले, हे मला पाण्यात उतरायच्या आधीच ठाऊक होतं.

बावीस वर्षं मी आइसलँडच्या खेपा केल्या. जाताना पोटात कोळसा आणि बर्फ, येताना मासे. जाळं वर ओढायचं यंत्र सुरू झालं की मला अंगभर कापरं भरायचं. जाळं सुटलं की डेकवर कॉड माशांचा ढीग पडायचा, आणि यावेळी किती, हे बघायला मी अधीर असायची.

माणसांचं एक मात्र मला उलगडेना. लांबच्या बोटींशी बोलता यावं म्हणून आमच्यावर वायरलेस बसवला. आणि हे लोक त्यावर करायचे काय? थापा मारायचे.

आमचा कप्तान एमॉस ट्रॅनमर त्यात अट्टल. डेकवर गुडघाभर मासे असताना हा रडका आवाज काढायचा, "कसले मासे नि कसलं काय, जेबेझ. पूर्वेला आलोय, जाळ्यात नुसते दगड."

'पेट्रल' बोटीचा कप्तान जेबेझ स्टॅदर्स पलीकडून म्हणायचा, "अरेरे. दगडच ने मग घरी. लॉटी वहिनी कालवण करतील त्यांचं."

हलमध्ये दोघांची घरं समोरासमोर. एकाच्या घरी केक झाला की दुसऱ्याकडे ताटली जायची. पण मासे कुठे आहेत, ते सख्ख्या भावालाही सांगायचं नाही, असा या लोकांचा नेमच होता.

त्या मार्चमध्ये आम्ही पश्चिमेच्या खडकांपाशी होतो, एमॉसच्या लाडक्या जागी. सकाळी त्यानं नेहमीची थाप मारली. दुपारी दाट धुकं उतरलं आणि मी खडकावर चढले. तळ फाटला. वायरलेसवाला सिरिल ओरडला, "डॉर्कस बुडतेय, आम्ही..." तेवढ्यात यंत्रखोलीत पाणी शिरलं आणि वायरलेस मुका झाला. आमची छोटी होडी लाटेनं आधीच फोडली होती. बोटीवर तेरा माणसं.

एमॉसचा चेहरा पांढराफटक पडला. "मी पूर्व सांगितलंय रे," तो म्हणाला. "सगळे तिकडेच शोधणार."

सिरिल धावत जाऊन घंटा वाजवू लागला. मला फार भीती वाटली, स्वतःसाठी नाही, त्यांच्यासाठी.

तीन तासांनी धुक्यातून शिटी आली. पेट्रल होती. दोर आले, आणि एकेक करत तेराही जण पलीकडे गेले. एमॉस शेवटी. जाताना त्यानं माझ्या कठड्यावरून हात फिरवला.

"मी तर पूर्व म्हणालो होतो," तो जेबेझला म्हणाला.

"म्हणूनच पश्चिमेला आलो, मेल्या. दगड म्हणालास की तू इथंच असतोस. नऊ वर्षं ठाऊक आहे मला."

"मग कधी जाळं टाकलं नाहीस?"

"तुझी जागा ना ती."

एमॉस त्याच्या गळ्यात पडून रडला. ते बघतच मी खाली गेले.

आता माझ्या बॉयलरात कॉड राहतात, कोळशाच्या कोठारात त्यांची पिल्लं. इतके मासे मी बावीस वर्षांत पाहिले नव्हते. तुम्हाला सांगितलं, पण तुमच्यापाशीच ठेवा. कुणी विचारलंच, तर सांगा, डॉर्कस पूर्वेला बुडाली, आणि तिथं नुसते दगड आहेत.