घरटी एक माणूस

पोशीर गावात एखादे काम निघाले की ते माणसाच्या नावे निघत नाही, घराच्या नावे निघते. देवळाचे आवार झाडायचे असो, लग्नाच्या मांडवाला हात लावायचा असो की कोणाच्या मयताला लाकडे पोचवायची असोत, निरोप एकच असतो: घरटी एक माणूस. ते माणूस तरणे की म्हातारे, बाई की बुवा, याची चौकशी कोणी करीत नाही. घर आले म्हणजे झाले. भातकापणीची सावड तर सारी या नियमावरच उभी असते. आज माझ्या शेतात तुझ्या घरचे माणूस, उद्या तुझ्या शेतात माझ्या घरचे. बुधाजीने हा नियम जन्मभर पाळला होता. आणि ज्या नियमाने त्याला कधी दगा दिला नव्हता, तोच ऐन दिवाळीच्या सुट्टीत, आपल्याच घरात, एका मोबाईलसमोर आपल्याला तोंडघशी पाडील, हे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते.

त्याची नात समिधा दहावीला होती. तिच्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षकाची जागा जूनपासून रिकामी होती, आणि त्या तासाला मुले कधी चित्रकला करीत, कधी मैदान साफ करीत. अशात एका संस्थेची मोफत ऑनलाइन शिकवणी तिला मिळाली, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. अट मात्र कडक होती. रोज सकाळी वर्गात हजर राहायचे, कॅमेरा चालू ठेवायचा; जी मुलगी कारणाशिवाय चुकेल तिचे नाव कमी होईल, कारण मागे कितीतरी मुली त्या जागेसाठी थांबलेल्या होत्या.

त्या शनिवारी गजाच्या शेताची कापणी होती. बुधाजीचा मुलगा धनेश रसायनीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला. सून सुरेखा बहिणीच्या बाळंतपणासाठी खालापुरात. बायको गौराबाईचे गुडघे धरलेले. खुद्द बुधाजीचे पोटाचे ऑपरेशन पावसाळ्यात झाले होते आणि डॉक्टरांनी त्याला वाकायची आणि वजन उचलायची सक्त मनाई केली होती. उरली समिधा. आणि समिधाची शिकवणी नेमकी कापणीच्याच वेळी.

बुधाजीला यात काही अडचण दिसली नाही.

"तू इळा घेऊन गजाकडं जा," तो म्हणाला. "तुज्या शिकवणीला मी बसतो."

"आजा, असं नाय चालत!"

"का नाय चालत? सकाळचं एक माणूस बसायला लागतं ना? मग मी काय माणूस नाय?"

"बसू दे गं त्यांना," गौराबाई चुलीपासून म्हणाली. "घरात दिवसभर नुसतं माज्या डोक्याशी बडबडतात. तिथं तरी गप बसतील."

समिधाने पुष्कळ समजावले; पण बाप कामावर, आई परगावी, आणि गजाच्या घरून दोनदा हाक येऊन गेलेली. शेवटी तिने मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला, आवाजाचे बटण कोणते ते आजाला दाखवले आणि विळा उचलून ती निघून गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, ते बुधाजीने पाहिले. पण पोरींना शेतात जायचा कंटाळा असतोच, असे त्याने स्वतःला सांगितले.

तो मात्र कामाला चुकणारा माणूस नव्हता. आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून तो मोबाईलसमोर मांडी घालून बसला. काचेवर लहान लहान चौकोन होते, प्रत्येकात एक मुलगी होती आणि एका चौकोनात तो स्वतः होता. आपण आपल्याकडेच बघतो आहोत, ही गोष्ट त्याला प्रथम फार चमत्कारिक वाटली. मग मोठ्या चौकोनात निळ्या पडद्यापुढे एक तरुण शिक्षक आले. त्यांना मुली रूपेश सर म्हणत होत्या. त्यांनी एक वर्तुळ काढले, त्याला बाहेरून शिवणारी एक रेघ काढली, आणि ही रेघ वर्तुळाला एकाच जागी शिवते, आत जात नाही, असे सांगितले. पुढे त्यांनी त्याचे कारणही सांगितले. बुधाजीने कपाळाला आठ्या घालून ते ऐकले. सरांनी ते पुन्हा सांगितले. बुधाजीच्या आठ्या वाढल्या. सरांनी तिसऱ्यांदा सांगितले.

तास संपताना हजेरी झाली. समिधाचे नाव येताच बुधाजीने बटण दाबले आणि शेताच्या बांधावरून ओरडावे तसा ओरडला, "हजर!"

साऱ्या चौकोनांतून हसू फुटले. सर चपापले. मुलगी आजोबांच्या शेजारी बसली असेल, असे त्यांना इतका वेळ वाटत होते. "बाबा, समिधा कुठे आहे?"

"गजाच्या शेतावर. पन तुमी काळजी करू नका सर, आमच्या घरचं माणूस हाय इथं. मी हाललोसुदा नाय."

संध्याकाळी समिधा चिखलाने माखलेली परतली आणि तिने मोबाईल उघडला. स्वतःऐवजी दुसऱ्या व्यक्तीला बसवल्यामुळे तिचे नाव शिकवणीतून कमी करण्यात आले होते.

ती ओक्साबोक्शी रडली नाही. रडली असती तर बुधाजीला बरे वाटले असते. ती भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. बुधाजीने घाईघाईने एक ताट जमिनीवर पालथे घातले, केरसुणीची एक काडी मोडून घेतली आणि ताटाच्या कडेला लावली.

"हे बघ. मी सगळं ध्यानात ठेवलंय. ही रेघ ताटाला एकाच जागी शिवते. आत जात नाय."

"का जात नाय?"

"का म्हंजे? सर म्हनाले."

"आजा, मी भात कापलं, तर गजाकाकाचं शेत झालं. तू तिथं बसलास, त्यानं माजं काय झालं?"

बुधाजीने काडी ताटावरून उचलली, परत ठेवली. हिशेब तर सरळ होता: दोन ठिकाणी दोन माणसे हवी होती, दोन ठिकाणी दोन माणसे गेली. मग एक काम पुरे झाले आणि दुसरे झालेच नाही, असे कसे?

रविवारी शिकवणीला सुट्टी होती. हे सर राहतात कुठे, असे त्याने विचारले तेव्हा लोधिवलीला, असे समिधा म्हणाली. बुधाजी थक्क झाला. असली माणसे पुण्यात नाहीतर मुंबईत असतात, अशी त्याची समजूत होती. लोधिवली म्हणजे आपल्या सुनेच्या आत्याचे गाव! तो नेरळला टेंपोने आला, तिथून कर्जत गाठले, पनवेलच्या एसटीने चौकला उतरला, आणि विचारत विचारत सरांच्या दारात जाऊन उभा राहिला. वाटेत एकच विचार त्याला छळत होता: इतक्या जवळचे मास्तर काचेतून का शिकवतात, आणि काचेतून शिकवतात तर समोर कोण बसले आहे याची त्यांना पंचाईत कशाला?

रूपेश सरांनी त्याला ओळखले. "या बाबा! काल सगळ्या वर्गाला तुम्ही पाठ झालात."

निळा पडदा तिथेच होता. त्याच्या मागे वाळत घातलेले कपडे होते. बुधाजीने ते पाहून घेतले, पाणी प्यायले आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"सर, माजी नात कामचुकार नाय. आमी माणूस दिलं होतं. आमच्याकडं माणसाच्या जागी माणूस चालतं."

"बाबा, शिकण्याच्या जागी कसं चालेल?"

"नाय चालत, हे मला काल संध्याकाळी कळलं. तिनंच सांगितलं. पन आता तुमी मला एक सांगा. तुमचा तास तो मोबाईल धरून ठेवतो ना?"

"हो, रेकॉर्डिंग राहतं. चुकलं तर मुली मागून बघतात."

"मग झालं तर! ती राती बगेल. मग सकाळी बसायचा हट्ट कशाला? माज्या शेतातलं भात मागून कापता येत नाय, गळून जातं. तुमचं शिकवनं तर गळत नाय. मग ज्याला थांबता येतं त्यानं थांबावं, का ज्याला थांबता येत नाय त्यानं?"

सर हसू लागले, पण लगेच गंभीर झाले. प्रश्न बाजूला सारण्याजोगा नव्हता. "तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे," ते म्हणाले. "रेकॉर्डिंग आहे म्हणूनच पोशीरची मुलगी आणि डोंगरातल्या वाडीतली मुलगी एकच धडा हवा तेव्हा बघू शकते. त्याची किंमत मोठी आहे. पण रेकॉर्डिंगला प्रश्न विचारता येत नाही, आणि मला रेकॉर्डिंगमधून तोंडं दिसत नाहीत. कोण कुठं अडलं ते मला तोंडावरून कळतं. काल मी ती रेघ तीनदा का समजावली, ठाऊक आहे?"

"का?"

"तुमच्या आठ्या बघून."

आपल्यामुळे कोणीतरी काहीतरी तीनदा सांगितले, ही गोष्ट बुधाजीला सुखावून गेली. आणि समिधाला कदाचित भलतेच काही अडले असते, जे सरांना आता कधीच कळणार नव्हते, हे लागोपाठ ध्यानात येऊन तो ते सुखही गमावून बसला. आपण जिंकलो की हरलो, हे त्याला ठरवता येईना.

"नियम संस्थेचा आहे," सर म्हणाले. "पण उद्या ती स्वतः बसली, तर तिचं नाव परत घ्यायला मी सांगेन. उद्या नाही, तर मग माझ्याही हातात काही नाही."

"उद्या हिरूच्या शेताची कापनी हाय," बुधाजी हळूच म्हणाला. "आमच्या घरचं माणूस तिथं लागतं."

"मग हिरूला विचारा, रेकॉर्डिंग चालेल का."

या विनोदावर बुधाजीला हसू आले, पण ते चौकपर्यंतही टिकले नाही. एसटीत बसल्यावर त्याने मनाशी पुष्कळ खल केला. सावड मोडली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. शिकवणी मोडली तर पोरीचे दहावीचे वर्ष मैदान साफ करण्यात जाणार. आजवर त्याच्यापुढे जी जी अडचण आली ती माणूस बदलून सुटली होती. ही अडचण अशी होती की तिच्यात एका बाजूला कोणीही चालत होते आणि दुसऱ्या बाजूला एकच माणूस चालत होते.

"उद्या तू घरी बस," त्याने घरी येताच समिधाला सांगितले.

"आणि हिरूकाका?"

"ते माजं मी बगतो."

"बगा, बगा," गौराबाई म्हणाली. "टाके उसवून घ्या म्हंजे डॉक्टरचं पन घर चालंल."

सोमवारी सकाळी बुधाजी हिरूच्या शेतात पोचला तेव्हा कापणाऱ्यांची ओळ लागली होती. हिरूने विळ्यासकट कमरेवर हात ठेवले.

"बुधादा, तू? पोर कुठं हाय रं?"

"घरी. शिकतेय."

"मग परवा गजाकडं आली ती? माज्याच येळेला शिकायला लागली व्हय?"

"परवा चूक झाली, हिरू. तिच्या जागी मी बसलो होतो."

"आणि आज तिच्या जागी तू हितं! मग ती असते तरी कुठं?"

ओळीतल्या बायका खो खो हसल्या. बुधाजीला कापता येत नव्हते, उचलता येत नव्हते. म्हणून तो बांधावर बसला आणि पेंढा ओढून भारे बांधायच्या दोऱ्या, म्हणजे बंद, वळू लागला. हे काम जेवणानंतर पोरेटोरे करतात. हिरू थोडा वेळ बघत राहिला. याला घरचे माणूस धरावे की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हते, ते त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते. शेवटी "बरं, वळ तर वळ," एवढेच म्हणून तो वाकला. यातून सावड फिटली की राहिली, ते बुधाजीला कळले नाही, आणि विचारायचे धाडस त्याला झाले नाही.

ऊन चढल्यावर समिधा भाकरी घेऊन बांधाबांधाने आली. तिच्या चालण्यावरूनच त्याने ओळखले, तरी विचारले.

"घेतलं का नाव?"

"घेतलं! आणि आजा, मी दोन शंका विचारल्या. सर म्हनाले, हे परवा कुनालाच सुचलं नव्हतं."

"मग मी तीनदा ऐकलं ते?"

"ते निराळं." ती हसली. "सर विचारत होते, आजोबा का नाय आले म्हनून."

बुधाजीने हातातला बंद अर्धवट सोडला. पुढे बसावे तर नाव कमी करतात. न बसावे तर विचारतात का नाही आले. त्याने भाकरी मांडीवर घेतली, आणि हिरूच्या ओळीकडे, मग आपल्या घराच्या कौलांकडे पाहिले. सकाळभर ती पोर त्या कौलांखाली होती की लोधिवलीला त्या निळ्या पडद्यासमोर होती?

"समिधा," तो म्हणाला, "ती रेघ आत का जात नाय गं?"

तिने बांधावर बसकण मारली, त्याच्या हातातला बंद घेतला, त्याची दोन टोके जुळवून गोल केला आणि जमिनीवर ठेवला. बुधाजीच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती त्या आठ्यांकडे बघत पहिल्यापासून सांगू लागली.