एल्क बेंडची कोरडी टाकी

मित्रांनो, अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या माळावर रुळांच्या कडेला वाकून उभी आहे ना, ती मी एल्क बेंड गावची जुनी पाण्याची टाकी. लाकडी फळ्यांना लोखंडी पट्ट्या आवळून मला उभी केली, तेव्हा इथे गवताशिवाय काही नव्हते. वाफेच्या इंजिनाला तहान लागे आणि ते माझ्यापाशी थांबे, म्हणून गाव वसले. आधी मला पाण्याने भरणारा एमेट पंपवाला आला, मग हुल्डाबाईंची खाणावळ, दुकान, शाळा. इंजिन पाणी पिई तोवर उतारू हुल्डाबाईंची सफरचंदाची गरम पाई खात.

"ही टाकी आहे म्हणून माझी चूल पेटते," असे म्हणत त्या जाता-येता माझ्या खांबावर थाप मारत.

पुढे डिझेलची इंजिने आली. त्यांना पाणी भरायला माझ्यापाशी थांबावे लागेना. गाडी शिट्टी मारून निघून जाऊ लागली. इथे उतरणारा कोणी असला, तरच थांबे. चढणाऱ्यासाठी झेंडा दाखवावा लागे.

मग गावाने शक्कल काढली. रोज पाळीने एकाने सकाळच्या गाडीने शहरात जायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. तेवढाच थांबा टिकेल.

"आज कोणाची पाळी?" एमेट विचारी.

"न्हाव्याची. बघ तरी, मिशांना तेल लावून नवरदेव निघालाय!" एकदा हुल्डाबाई म्हणाल्या.

नवरदेव शहरात गेला. तिथे त्याला काम मिळाले. संध्याकाळची गाडी त्याच्याविनाच गेली. मग मास्तरीणबाईंची पाळी आली, मग दुकानदाराची. तो तर बायकोमुलांसकटच गाडीत बसला.

शेवटी दोघेच उरले.

"उद्या माझी पाळी, एमेट."

"नको जाऊस, हुल्डा."

"नाही गेले तर गाडी थांबायची नाही, वेड्या."

"आणि गेलीस तर? कोणासाठी थांबेल ती?"

 सकाळी हुल्डाबाईंसाठी एमेटनेच झेंडा दाखवला. संध्याकाळी तो रुळांशी उभा राहिला. गाडी न थांबता गेली, तरी तो उभाच होता.

बर्फ पडायच्या आधी त्याची बहीण त्याला न्यायला आली. निघताना त्याने मला शेवटचे काठोकाठ भरले.

मित्रांनो, लाकडी टाकी पाण्यावरच जगते. कोरडी पडली की फळ्या आकसतात, फटी पडतात. आता माझ्या आतून आभाळ दिसते. तुमच्याकडेही कोणी असे कोरडे पडत असेल, तर आजच जा. उद्या बादल्या भरभरून आणाल, पण ते पाणी धरून ठेवायची ताकद त्याच्यात उरलेली नसेल.