अपघाताविना दोनशे सत्याऐंशी दिवस

हो, तो मीच. गोदामाच्या फाटकातून आत शिरलात की हजेरीच्या टेबलामागे भिंतीवर तोऱ्यात लटकलेला हिरवा पत्र्याचा बोर्ड. अंगावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'अपघाताविना … दिवस'. मधल्या रिकाम्या जागेत तीन खिळे आणि त्यांवर अडकवलेल्या आकड्यांच्या पाट्या. एवढाच माझा जीव, पण मिजास विचाराल तर साहेबांपेक्षा काकणभर जास्तच.

माझा जन्म एका रंगाऱ्याच्या दुकानातला. माझ्या आधी त्याने 'येथे गाड्या लावू नयेत' रंगवलं आणि माझ्यानंतर 'कुत्र्यापासून सावध राहा'. ती दोन्ही भावंडं कुठेतरी इमानेइतबारे खरं बोलत असतील. तिघांत थापाड्या निघालो तो मी एकटा.

रोज सकाळी हजेरीवाल्या ताई स्टुलावर चढून माझा आकडा एकाने वाढवायच्या. आदल्या दिवशी मी काडीचं काम केलेलं नसायचं. नुसतं लटकून राहायचं आणि सकाळी बढती घ्यायची! तुमच्या ऑफिसातही असं कुणी असेलच म्हणा.

मग एकदा साहेबांनी जाहीर केलं, "तीनशे दिवस झाले की सगळ्यांना एक दिवस भरपगारी सुट्टी." झालं! त्या दिवसापासून जो तो माझ्याकडे प्रेमाने बघायला लागला. आणि त्या दिवसापासून गोदामात कुणाला काही होईनासंही झालं. म्हणजे व्हायचं, पण त्याला अपघात कुणी म्हणायचं नाही. 'जरासं खरचटलंय', 'माझाच धांदरटपणा', 'घरी गेल्यावर बघतो'. एकाचं पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासून निघालं, तर तो लंगडत येऊन म्हणतो कसा, "ताई, बोर्डाला हात लावू नका हं!" आणि मी निर्लज्ज, वर बसून खूश.

ताई मात्र जखमेला पट्टी दिली की चिठ्ठी लिहायच्या. कुणाला, कुठे, कशाने लागलं. चिठ्ठी दाखवली नाही तर स्टोअरवाला नवीन पट्ट्या देत नसे, म्हणून.

आता पैलवानाबद्दल सांगतो. हे त्याचं टोपणनाव, अंगाने अगदी काडी. सतरा वर्षं ट्रकमधून माल उतरवत होता, ठेकेदाराच्या हाताखाली. माझा आकडा दोनशे सत्याऐंशी असताना, भर दुपारी, खोक्यांनी भरलेली हातगाडी उतारावर सुटली. तिचा ब्रेक ढिला होता. पैलवानाने ते मुकादमाला दोनदा सांगितलं होतं. ती गाडी त्याच्याच पायावर गेली. "आई गं!" एवढंच तो ओरडला, पण सगळं गोदाम थांबलं.

ताई औषधांची पेटी घेऊन धावल्या. पाठोपाठ साहेब आले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पायाकडे.

"तेराच दिवस राहिले होते रे पैलवान," ते हळहळले.

त्यावर तो वेडा माणूस, घामाने निथळत, काय म्हणाला माहीत आहे? "साहेब, माझ्या एकट्यामुळे सगळ्यांची सुट्टी नको बुडायला. घरी जिन्यावरून पडलो म्हणून लिहा." साहेबांनी लगेच कागद आणला. पैलवानाने सही केली. चार जणांनी त्याची पाठ थोपटली आणि त्याला रिक्षात घातलं.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे अठ्ठ्याऐंशी झालो. ताईंनी आठाची पाटी आधी उलटीच लावली. मला वाटलं, स्टूल हलतंय.

तीनशेव्या दिवशी मला फुगे बांधले, सगळ्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले. त्या फोटोत मी फार देखणा आलोय. लाज वाटते सांगायला, पण आलोय.

आणखी नऊ दिवसांनी पैलवानाची बायको आली. काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट. पायाची हाडं वाकडी जुळत होती. ऑपरेशन लवकर झालं नाही तर माणूस कायमचा अधू होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"वहिनी, तो घरी पडला," साहेब म्हणाले. "त्याचीच सही आहे. आणि तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा."

"ठेकेदार म्हणतो, कामावर येत नाही म्हणून नाव काढलं."

"मग मी काय करणार?"

"साहेब, आम्ही तळमजल्यावर राहतो. आमच्या घराला जिना कुठाय?"

साहेबांनी घड्याळात बघितलं आणि ते आत निघून गेले. ती माझ्यासमोरच्या बाकावर बसली. एकेक अक्षर लावत तिने मला मोठ्याने वाचलं, "अपघाताविना तीनशे नऊ दिवस." मग उठून माझ्यासमोर उभी राहिली. "मग माझा नवरा काय तुझ्या डोक्यावर पडला का रे, मेल्या?"

आजवर मला कुणी शिवी दिली नव्हती. ही मात्र अगदी मापात बसली.

ताईंनी तिला पाणी दिलं आणि हळू आवाजात भराभर सांगितलं, "कामगार अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, आजच. अर्जाला मुदत असते, उशीर करू नका. आपल्या प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांना खरं काय झालं ते सांगा आणि तसंच लिहून घ्या. कोर्टाच्या विधी सेवा कार्यालयात फुकट वकीलही मिळतो. सही केली म्हणून घाबरू नका."

दोन आठवड्यांनी अधिकारी बाई तपासणीला आल्या. साहेबांनी साक्षीला कुणाला उभं करावं? मला!

"मॅडम, बोर्डच बघा ना. तीनशे तेवीस दिवसांत एक अपघात नाही."

माझ्या जन्मात मला इतका मान कधी मिळाला नव्हता आणि भिंतीवरून निखळून पडावंसंही कधी वाटलं नव्हतं.

बाईंनी औषधांची पेटी उघडली. "अपघात नाही, मग पट्ट्या इतक्या संपल्या कशा? काय उंदरांनी खाल्ल्या?"

ताईंनी एकदा साहेबांकडे बघितलं. त्यांची नोकरीही साहेबांच्याच हातात. तरी त्यांनी खण ओढला आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. एकूण एकेचाळीस. त्यातली एक बाईंनी वाचली, "पैलवान, उजवा पाय, उतारावर हातगाडी अंगावर आली, ब्रेक ढिला."

मग ज्याचं नख गेलं होतं तो पुढे आला. "मी बघितलं, मॅडम. आम्ही सगळ्यांनी बघितलं. सुट्टी खाऊन गप्प बसलो." आणि तो रडायलाच लागला.

बाई साहेबांना म्हणाल्या, "काम तुमच्या जागेत, तुमच्या गाडीने. ठेकेदाराचं नाव सांगून सुटका नाही. असल्या सहीने जखमी माणसाचा हक्क बुडत नाही. आणि या ताईंना किंवा साक्ष देणाऱ्या कुणाला कामावरून काढाल, तर मी पुन्हा येईन." मग ताईंकडे वळून म्हणाल्या, "आकडा बदला."

ताई स्टुलावर चढल्या. माझी सगळी कमाई उतरली आणि तीन शून्यं लागली. एवढा मोठा गडी एका मिनिटात कफल्लक! पण खरं सांगतो, अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

ऑपरेशन कंपनीच्या खर्चाने झालं, घरी बसलेल्या दिवसांचा पगारही मिळाला. पण उशीर झाला तो झालाच. पाय थोडा वाकडा राहिला. ओझं उचलणं पैलवानाला आता जमणार नाही. तो वाया गेलेला सव्वा महिना कुणी परत देत नाही, आणि त्यातला एकेक दिवस मी छातीवर मिरवला होता. याचं मला फार वाईट वाटतं.

हल्ली तो हजेरीच्या टेबलाशी ताईंच्या शेजारी बसतो. कुणाला लागलं की नोंद करणं हे त्याचं काम. सुट्टीचं आमिष बंद झालंय. माझी अवस्था विचारू नका. गेल्या महिन्यात चार वेळा शून्यावर आलो, तीसच्या वर तर कधी गेलोच नाही. पाहुणे आले की साहेब मला पाठीने झाकायला बघतात. तुम्ही कुठेही राबत असा, माझ्यासारख्या बोर्डाची अब्रू राखायला जाऊ नका. आम्हाला अब्रू नसते, पत्रा असतो. लागलं तर त्याच दिवशी सांगा, लिहून द्या आणि प्रत जपून ठेवा.

काल पॅकिंगची एक नवीन मुलगी टेबलाशी आली. बोट रुमालात गुंडाळलेलं.

"काका, एवढंसं तर कापलंय. फक्त पट्टी द्या. उगाच बोर्डाचा आकडा जाईल. आज एकोणतीस आहे ना?"

पैलवान काठी टेकत उठला. वाकडा पाय सावरत स्टुलावर चढला, माझ्या दोन आणि नऊच्या पाट्या काढून शून्यं लावली आणि खाली उतरून वही उघडली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "नाव सांग, बाळ."