काळ्या पट्ट्या नकोत

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी टीव्ही बघायला परवानगी दिली आणि मायनं पहिली मागणी केली ती आशाआत्याच्या लग्नाची कॅसेट.

"लग्न नाय बघायचं मला," ती म्हणाली. "मला दीपमाला बघायचीय."

दीपमाला माझी थोरली बहीण. मी तिला बघितलेलं नाही. ती पाच वर्षांची होऊन गेली आणि मी त्यानंतर जन्मले. आमच्या गावी, पिशोरला तिला ताप चढला, तापात झटके आले. घरची जीप कडुबाकाका कुठल्याशा सभेला घेऊन गेले होते. दुसऱ्याची गाडी मिळेपर्यंत दिवस कलला आणि शहरात घाटी दवाखान्याला पोचायच्या आत रस्त्यातच पोरगी संपली. काकांची सभा मात्र चांगली झाली म्हणतात.

तिचा एक फोटो नाही. त्या काळी खेड्यात कुठले आले फोटो, असं नातेवाईक सांगतात. साफ खोटं. माझ्या भावाच्या, सुदर्शनच्या जावळाला तालुक्याहून, कन्नडहून फोटोग्राफर आणला होता. त्या दिवशी कापलेल्या बोकडाचासुद्धा फोटो आहे आमच्या घरात. पोरीचा नाही.

पण एक हलतं चित्र होतं. ज्या वर्षी ती गेली त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आशाआत्याचं लग्न झालं आणि दीपमाला करवली होती. हातात करा घेऊन, म्हणजे तांब्या आणि त्यावर नारळ, दिवसभर नवरीच्या मागं उभी. त्या लग्नाची व्हिडिओ शूटिंग झाली. कॅसेट कडुबाकाकांच्या कपाटात गेली, कारण लग्न त्यांनी लावून दिलं होतं. काका माझ्या वडलांचे थोरले भाऊ. घरातलं सगळं त्यांच्याच कपाटात जायचं. वडील होते तेव्हा मायनं त्यांच्याकरवी दोनदा ती मागितली. "कशाला जखम उकरायची," एवढंच उत्तर आलं. जखम हिची, आणि ती उकरायची की नाही ते ठरवणार ते! मग व्हीसीआरच बाजारातून गेले आणि विषय संपला.

मायनं स्वतः तोंड उघडून कधी मागितली नाही. आमच्यात धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नाही. तो आला की पदर पुढं ओढायचा आणि बोलायचं असलं तर लेकरांमार्फत. काका समोर दोन हातांवर बसलेले असायचे आणि माय मला म्हणायची, "विचार गं, चहा घेतेत का?" मी विचारायचे. काका मला म्हणायचे, "सांग, घेतो." मी सांगायचे. लहानपणी मला तो खेळ वाटायचा. आता संताप येतो.

यंदा आत्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. काकांनी कॅसेटचा पेनड्राइव्ह करून घेतला आणि शहरात गारखेड्याच्या एका हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवला. माय त्या दिवशी मागच्या रांगेत होती, डोळ्यांत मोतीबिंदू. तिला नुसते रंग हलताना दिसले. घरी आल्यावर मला म्हणाली, "मंजे, एक सांगू? मला तिचं तोंड आठवंना झालंय. आवाज येतो कानात. तोंड येत नाय. मी कसली माय गं?"

म्हणून ऑपरेशन. नाहीतर ही बाई दवाखान्याच्या पायरीला उभी राहणारी नव्हे.

काकांचा मुलगा ऋतुराज, त्याच्याकडून पेनड्राइव्ह आणला. आमचा टीव्ही त्रेचाळीस इंची, माझ्या पगारातून घेतलेला, सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत भिंतीलगत बुटक्या कपाटावर ठेवलेला. माय डोळ्याला काळा चष्मा लावून अगदी पुढं, खाली सतरंजीवर बसली.

लग्न सुरू झालं. मांडव, फेटे, अक्षता. चित्र पडदाभर, कडेपर्यंत. आत्या आली, तिच्या मुंडावळ्या दिसल्या, शालू दिसला, कमरेच्या जरा वरपर्यंत. तिच्या मागं पडद्याच्या खालच्या कडेला काहीतरी काळं हललं. मी थांबवलं. केस होते. मधोमध भांग, दोन्ही बाजूंना लाल रिबिनीचं एकेक टोक. त्याच्याखाली टीव्हीची प्लास्टिकची कड.

"हीच," माय म्हणाली. "भांग मीच पाडलाय. हलत व्हती लई, एक धपाटा दिला मी. खाली घे की चित्र."

"थांब, माय. टीव्हीचं सेटिंग असंल."

मला खरंच तसं वाटलं. रिमोटवर चित्राचा आकार बदलायचं बटण असतं. आधीचं सोळा-नऊ होतं, म्हणजे आजच्या टीव्हीचा लांबट आकार. मी झूम केलं, भांगसुद्धा गेला. "अगं, ती गेली की!" माय ओरडली. मी घाईनं पुढच्या आकारावर गेले. चार-तीन लावलं. हा जुन्या टीव्हीचा चौकोनी आकार. मला वाटलं, कॅसेट जुनी, हाच तिचा आकार, आता खालचं सगळं उघडं पडणार. तर चित्र दोन्ही बाजूंनी दाबलं गेलं आणि अख्खं वऱ्हाड शेवग्याच्या शेंगांसारखं लांबडं झालं. आत्या दोन महिने उपाशी असल्यासारखी. माय हसलीसुद्धा. "आशा अशी कधी बारीक व्हती गं? जन्मात नाय!"

भांग तिथंच. फक्त अरुंद झाला.

शेवटी जस्ट स्कॅन नावाचं एक होतं. टीव्ही स्वतःहून चित्राच्या कडा थोड्या झाकतो, त्या हे सेटिंग उघड्या करतं. ते लावलं आणि बोटभर चित्र वाढलं. भांगाखाली कपाळ आलं. सावळं, घामेजलेलं, त्याच्यावर कुंकवाच्या टिळ्याची वरची कड.

माय गुडघ्यांवर उभी राहिली. "आली, आली. अजून थोडं कर. भुवया येतीन आता. मंजे, अजून एकदा दाब."

मी दाबलं. पुन्हा सोळा-नऊ. पुन्हा झूम. पुन्हा चार-तीन. पुन्हा कपाळ. मला कळलं होतं की आता पुढं काही नाही, पण ती "अजून एकदा" म्हणत राहिली आणि मी दाबत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि पेनड्राइव्ह करून देणाऱ्याचं दुकान गाठलं. मोईनभाई नावाचे गृहस्थ, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान. त्यांनी फाइल कॉम्प्युटरवर बघितली आणि लगेच ओळखली.

"ताई, टीव्हीको कुछ नहीं हुआ. फाइलच कापलेली आहे," ते म्हणाले. "देखो, जुनी कॅसेट चौकोनी, आजचा टीव्ही लांबट. चौकोनी पिक्चर लांबट टीव्हीवर टाकलं की एकतर साइडला काळ्या पट्ट्या राहतात. नाहीतर ताणा, सगळे जाडे दिसतात. नाहीतर कापा. चौथा रस्ताच नहीं."

"मग पट्ट्या ठेवायच्या ना!"

"मैं वही बोला. तुमचे काका बोले, लग्नाच्या पिक्चरमध्ये काळं चालणार नाही. मंगल कार्य आहे, दोन्ही बाजूला काळं म्हणजे अशुभ. त्यात जोडप्याची पंचविशी."

आमच्यात लग्नाला काळी साडी नेसून कुणी जात नाही. आहेराला काळं कापड देत नाहीत. सुतकात असल्यासारखं वाटतं म्हणून काळी पिशवीसुद्धा मांडवात नेत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. पण टीव्हीच्या कडेला रिकाम्या राहिलेल्या जागेचंही सुतक असतं, हे नव्हतं माहीत.

"बरं, कापलं," मी म्हणाले. "मग वरून-खालून सारखं कापायचं. सगळं खालूनच का?"

मोईनभाई जरा अवघडले. "पहिले बरोबर बीच मे से कापलं होतं. वरचं थोडं, खालचं थोडं. काकांनी बघितलं तर त्यांच्या फेट्याचा तुरा जात होता. बोले, तुरा दिसला पाहिजे. मग पिक्चर खाली सरकवलं. जे जायचं ते सगळं खालून गेलं. खाली काय, पायच असतात ना."

"पाच वर्षांचं लेकरू उभं असतं खाली."

न कापलेली फाइल विचारली तर लग्नसराईत डिस्क भरली म्हणून कधीच उडवलेली. पण कॅसेट काकांना परत दिली होती. "बुरशी होती, पण साफ करून चालवली मी. आणा, पुन्हा करून देतो. पट्ट्या ठेवून. पैसे नकोत," ते म्हणाले, आणि मला त्या माणसावर रागावता येईना.

मी घरी आले तर काका आमच्याच दारात. मायच्या डोळ्याची चौकशी करायला आले होते, संत्री घेऊन. मायनं पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं सरकली. टीव्हीवर तेच चित्र थांबवून ठेवलेलं होतं. सकाळपासून तिनं बंद करू दिलं नव्हतं.

"वा, इथं पण लावलं का!" काका खुर्चीत बसले. "कसं फुल्ल आलंय बघ. पार कडेपर्यंत."

"काका, मूळ कॅसेट पाहिजे. लगेच."

"कशाला? आता ही हाय की."

"कापलेली आहे ही. कॅसेट कुठंय?"

"ती सोडली." अगदी सहज म्हणाले. "मागल्या अमावास्येला कायगाव टोक्याला गेलो व्हतो ना, घरातले जुने देव, भंगलेले फोटो सोडायचे व्हते गोदावरीत. त्यातच दिली सोडून. लग्नाची वस्तू हाय, ती काय कचऱ्यात टाकायची? लोक टाकतेत. आपण नाय टाकत."

वर तोंडावर समाधान. वस्तूचा मान राखल्याचं.

माझ्या तोंडात शिव्या आल्या. पण त्याआधी भिंतीकडून आवाज आला. मला नाही, थेट त्यांना.

"भावजी, माझी पोरगी कुठंय?"

काका दचकले. सवयीनं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कसलाच निरोप द्यायला तयार नव्हते.

"काय म्हणते ही?" त्यांनी मलाच विचारलं.

"तिला विचारा."

मायनं पदर मागं सारला. तिचे केस पार पांढरे झालेत, ते त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा बघितले असणार. काळा चष्मा काढून तिनं मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी जीप मागितली व्हती. जीप नव्हती. मग कॅसेट मागितली, कॅसेट नाय दिली. आता म्हणतेत, काळं नको. भावजी, माझ्या पोरीपरीस तुमचा तुरा मोठा व्हता?"

"केसरबाई, मला काय ठाव ती खाली उभीय... सगळ्यांचे चेहरे आलेत की चांगले..."

"तुमच्याच घरात वाढली. तुमच्या मांडीवर मुतली. तुम्ही सांगा, कशी व्हती तोंडानं? मला आठवत नाय. मी भीक मागते तुमच्याकडं. सांगा."

काकांनी टीव्हीवरच्या भांगाकडं बघितलं. "गोरी व्हती," ते म्हणाले. "नाकीडोळी नीट."

"सावळी व्हती," माय म्हणाली. "लई सावळी व्हती. जा तुम्ही आता."

ते गेले. संत्री खुर्चीशेजारी तशीच. जाताना दार लोटून घ्यायचं राहिलं ते मी उठून लावलं. वळले तर माय टीव्हीकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. त्या नजरेत मी मंजुषा नव्हते.

"इकडं ये," ती म्हणाली. "इथं बस. टीव्हीच्या म्होरं, माझ्याकडं तोंड करून. खाली हो अजून. अजून. डोकं त्या कडेला लागू दे."

मला कळलं ती काय करते आहे. मी बसले. पाठ कपाटाला टेकवली, मान खाली ओढली, केस मागं घेतले. पडद्याची ऊब टाळूला लागत होती. दीपमालाच्या भांगाच्या, तिच्या बोटभर कपाळाच्या बरोबर खाली मी माझं तोंड धरलं. लोक मला म्हणत आलेत, तू अगदी दीपमालासारखी. आजवर त्याचा मला राग यायचा. त्या क्षणी मनातून म्हटलं, असू दे. खरं असू दे.

माय नव्या डोळ्यांनी बघत राहिली. वर बघायची, खाली बघायची. पुढं सरकली, माझी हनुवटी धरून जराशी उजवीकडं वळवली. पुन्हा मागं जाऊन बघितलं.

"नाय," ती म्हणाली. "नाक असं नव्हतं."

"मग कसं होतं, माय?"

"असं," ती म्हणाली आणि दाखवायला हात वर केला. अंगठा आणि बोट जवळ आणलं, जरा लांब केलं, पुन्हा जवळ आणलं. मग हात तिथंच हवेत राहिला.